हेवीवेटचे विजय तोलायची वही

तालमीच्या कट्ट्यावर एकदा हेवीवेट बॉक्सिंगमध्ये अली मोठा की टायसन, हा विषय निघाला की चहाचे दोन राउंड सहज होतात आणि निकाल काही लागत नाही. दोघंही फक्त नावं मोजत असतात. 'त्यानं लिस्टनला हरवलं', 'यानं होम्सला झोपवला'. नाव खरंच असतं, पण लातूरच्या आडतीवर सोयाबीन नुसतं वजनावर जात नाही. आधी ओलावा बघतात, माती-काडी बघतात आणि मग भाव बोलतात. बॉक्सरच्या विजयाचंही तसंच आहे. समोरचा कोण होता यापेक्षा तो त्या दिवशी कसा होता, हे आधी तपासायचं. ते कसं तपासायचं याची ही पद्धत कुस्ती बघणाऱ्यांना लवकर कळेल, कारण जत्रेत जोड लावणारा पंच हेच करत असतो.

आधी वही आखा

शंभरपानी आडवी वही पुरते. मोबाइलवर एक्सेल येत असेल तर उत्तम, पण सुरुवातीला हातानं लिहिलेलं जास्त लक्षात राहतं. एका बॉक्सरला एक पान. त्यावर फक्त पाच विजय लिहायचे, त्याचे सगळ्यात मोठे पाच. सहावा घ्यायचा मोह होईल, घेऊ नका. एकाचे पाच आणि दुसऱ्याचे आठ मोजले तर तुलना तिथंच मोडली. पानाच्या मागच्या बाजूला त्याचे सगळे पराभव तारखेनिशी लिहा. हे बहुतेक जण टाळतात आणि तिथंच फसतात.

प्रत्येक विजयाला दहा रकाने लागतात: तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी, त्याचा त्या दिवसापर्यंतचा हिशेब (विजय-पराभव-बरोबरी), त्याचं त्या दिवशीचं वय, दोघांची वजनं, त्याची आधीची लढत कधी झाली होती, निकालाची पद्धत, कितवा राउंड, आणि शेवटचा रकाना 'नंतर काय झालं'. शेवटचा रकाना पेन्सिलीनं भरा.

निकालाच्या खुणा पाठ करून टाका. केओ म्हणजे दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही. टीकेओ म्हणजे रेफ्रीनं थांबवली. आरटीडी म्हणजे दोन राउंडच्या मधल्या मिनिटात कोपऱ्यातूनच, म्हणजे बॉक्सरनं किंवा त्याच्या माणसांनीच घेतलेली माघार. यूडी म्हणजे तिन्ही जजांचा कौल एकीकडे, एसडी म्हणजे दोन विरुद्ध एक, एमडी म्हणजे दोघांचा कौल एकाला आणि तिसऱ्याची बरोबरी. डीक्यू म्हणजे नियम मोडल्यानं बाद. आपल्याकडच्या भाषेत पहिल्या तीन निकाली कुस्त्या, पुढच्या तीन गुणांवरच्या.

नोंदी भरताना कुठं चुकतं

बॉक्सरेक या संकेतस्थळावर मोफत खातं काढलं की कुठल्याही व्यावसायिक बॉक्सरची यादी मिळते. तिथं एक गोष्ट नीट बघा. पानाच्या वर दिसतो तो बॉक्सरचा आजचा किंवा निवृत्तीचा हिशेब. तुम्हाला हवा तो लढतीच्या ओळीतला, त्या दिवसाचा. जॉर्ज फोरमनचा कारकिर्दीचा हिशेब ७६ विजय, ५ पराभव असा आहे, पण अलीसमोर उभा राहिला तेव्हा तो ४०-० होता, त्यातले ३७ नॉकआउट. पहिला आकडा लिहिला की त्या विजयाचं सगळं तेज गेलं.

वय जन्मतारखेवरून त्या दिवसापर्यंत मोजा, नुसती सालं वजा करू नका. काही ठिकाणी जन्मसालच वादाचं असतं. आर्ची मूरचं १९१३ की १९१६ यावर घोळ आहे, म्हणून १९५५ साली तो एकतर ३८ वर्षांचा किंवा ४१ वर्षांचा धरावा लागतो. अशा वेळी दोन्ही लिहा.

वजन पाउंडात असतं, ०.४५ नं गुणलं की साधारण किलो मिळतात. आज व्यावसायिक हेवीवेट २०० पाउंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोच्या वर सुरू होतो. क्रूझरवेट हा मधला गट निघायच्या आधी १७५ पाउंडांच्या वरचा प्रत्येक जण हेवीवेटच होता. त्यामुळे रॉकी मार्सियानो १८४ पाउंडांवर जगज्जेता झाला, यात नवल काही नाही. आजच्या नियमानं तो या गटात उतरलाच नसता. जुन्याला हलका म्हणून हिणवू नका आणि नव्याला धिप्पाड म्हणून डोक्यावर घेऊ नका. दोघांच्या वजनातला फरक तेवढा लिहा.

प्रदर्शनीय लढती वहीत घ्यायच्या नाहीत. आपला कौर सिंग १९८० मध्ये दिल्लीत अलीसमोर उतरला होता. ती अभिमानाची गोष्ट, पण हिशेबात ती शून्य. ऑलिंपिक आणि इतर हौशी लढतीही वेगळ्या पानावर, कारण तिथं राउंड कमी आणि गुणांची रीत निराळी.

ओलावा मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. प्रत्येक मोठ्या नावासमोर चार प्रश्न विचारायचे. वय किती? मधे किती दिवस रिकामा होता? अंगात दुखणं होतं का? वजन नेहमीपेक्षा किती वर?

लॅरी होम्सनं २ ऑक्टोबर १९८० ला अलीला हरवलं. कागदावर 'अलीला हरवलं' हे फार जड वाटतं. पण अली ३८ वर्षांचा होता, दोन वर्षं रिंगणाबाहेर होता, आणि दहाव्या राउंडनंतर त्याच्या कोपऱ्यानंच लढत सोडली. होम्सच्या पानावर हा विजय पाचात यायलाच नको. त्याचा खरा मोठा विजय ९ जून १९७८ चा, केन नॉर्टनवरचा, पंधरा राउंडांचा, एका जजाच्या फरकाचा.

मग हेच होम्सबद्दल उलटं झालं. २२ जानेवारी १९८८ ला टायसननं त्याला चौथ्या राउंडला संपवलं, तेव्हा होम्सही ३८ चाच होता आणि जवळपास दोन वर्षांनी परत आला होता. टायसनचं पान भरताना लोक हा विजय वरती लिहितात. लिहा, पण ओलावा लावून.

जेफ्रीजचं प्रकरण याहून स्पष्ट आहे. ४ जुलै १९१० ला रीनोमध्ये जॅक जॉन्सननं त्याला पंधराव्या राउंडला हरवलं. जेफ्रीज जवळपास सहा वर्षं लढला नव्हता आणि शंभर पाउंडांच्या आसपास वजन उतरवून आला होता. इतिहासात त्या लढतीचं स्थान अफाट आहे. वर्णद्वेषाच्या भरात त्याला जॉन्सनविरुद्ध परत आणलं गेलं होतं. पण मुष्टियुद्धाचा विजय म्हणून तोलला तर भाव अर्धाच लागतो. सामाजिक मोल आणि रिंगणातलं मोल वेगवेगळ्या रकान्यात ठेवा.

क्लीव्हलँड विल्यम्सवरचा अलीचा १४ नोव्हेंबर १९६६ चा विजय बघायला इतका देखणा आहे की नवखा माणूस त्याला पहिला नंबर देतो. हात, पाय, वेग, सगळं. पण विल्यम्सला १९६४ मध्ये पोलिसाची गोळी लागली होती आणि त्यात त्याचं एक मूत्रपिंड गेलं होतं. अलीचा खेळ शिकायचा असेल तर ही लढत दहा वेळा बघा. विजयाच्या यादीत मात्र ती खाली.

आता कोरडा, भरलेला दाणा कसा दिसतो ते बघा. किन्शासा, ३० ऑक्टोबर १९७४, अली विरुद्ध फोरमन. फोरमन २५ वर्षांचा, अपराजित. त्याच्या आधीच्या पावणेदोन वर्षांत त्यानं फ्रेझरला दोन राउंडांत सहा वेळा खाली बसवलं होतं आणि नॉर्टनलाही दोन राउंडांत संपवलं होतं. आणि याच दोघांनी त्याआधी अलीला हरवलं होतं. अली ३२ चा. आठव्या राउंडला अलीनं त्याला केओ केलं. वय, सराव, तब्येत, कुठंच कपात लागत नाही. वहीत पहिली ओळ हीच लिहा आणि बाकीचे विजय तिच्याशी ताडून बघा. तराजूला एक माप लागतंच.

वजनाचा ओलावा लोक विसरतात. बस्टर डग्लसनं ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत ३७-० असलेल्या टायसनला दहाव्या राउंडला पाडलं, तेव्हा तो २३१ पाउंडांच्या थोडा वर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इव्हँडर होलिफील्डसमोर आला तो २४६ वर, आणि तिसऱ्या राउंडला झोपला. माणूस तोच, जगज्जेतेपद तेच. होलिफील्डला मिळालेला डग्लस टायसनला मिळालेला डग्लस नव्हता.

निकाल कसा लागला

झटपट निकाल म्हणजे मोठा विजय, ही पहिली चुकीची समजूत. जो लुईनं २२ जून १९३८ ला मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं. टायसननं २७ जून १९८८ ला ३१-० असलेल्या मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत. सेकंद मोजले तर टायसन पुढं. पण श्मेलिंगनं दोन वर्षांपूर्वी लुईला बाराव्या राउंडला केओ केलं होतं, म्हणजे समोरच्याकडे उत्तर आहे हे सिद्ध झालेलं होतं. स्पिंक्स मुळात लाइट हेवीवेटचा, म्हणजे खालच्या गटाचा. होम्सला हरवून वर आलेला असला तरी टायसनपुढं तो आधीच बिथरलेला दिसतो, पहिला मिनिटभर नीट बघा. दोन्ही विजय मोठेच, पण जुना हिशेब फेडलेल्या विजयाला मी अर्धा गुण जादा देतो. लुईच्या पानावर श्मेलिंग वरती.

मागं पडून जिंकलेल्या लढतीलाही जादा तोल असतो. यासाठी जजांचं स्कोअरकार्ड शोधावं लागतं. २३ सप्टेंबर १९५२ ला मार्सियानो जर्सी जो वॉलकॉटसमोर पहिल्याच राउंडला खाली गेला होता आणि तेराव्यापर्यंत तिन्ही कार्डांवर मागं होता. मग उजव्या हाताच्या एका ठोशानं वॉलकॉट संपला. ५ नोव्हेंबर १९९४ ला ४५ वर्षांचा फोरमन मायकेल मूररसमोर मागंच होता, दहाव्यात केओ. नुसतं 'केओ १०' लिहिलं तर हे दिसत नाही.

जखमेवर थांबलेल्या लढतीत उलटं. लेनॉक्स लुईसनं २१ जून २००३ ला विटाली क्लिचकोला सहाव्या राउंडनंतर टीकेओनं हरवलं, पण थांबली तेव्हा तिन्ही कार्डांवर क्लिचको ५८-५६ नं पुढं होता. जखम लुईसच्याच ठोशांनी झाली, म्हणून विजय पूर्ण वैध. तरी 'वर्चस्व' हा शब्द तिथं लिहू नका. डीक्यूला पद्धतीचा गुण शून्य. २८ जून १९९७ ची, टायसननं होलिफील्डचा कान चावल्याची लढत कितीही गाजली तरी होलिफील्डच्या पाचात ती बसत नाही.

गुणांवरच्या लढती स्वतः मोजा

यूडी-एसडीच्या लढती दुसऱ्याच्या तोंडून घेऊ नका. राउंड तीन मिनिटांचा, मधली विश्रांती एक मिनिटाची. बारा राउंडला ४७ मिनिटं लागतात, जुन्या पंधरा राउंडला ५९. एका संध्याकाळी एकच लढत.

आवाज बंद करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. समालोचक ज्याच्या बाजूचा असतो त्याचा हवेत गेलेला ठोसाही लागल्यासारखा ऐकू येतो. कागदावर बारा रेघा मारा. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. एक नॉकडाउन, म्हणजे ठोशानं खाली पडणं, झाला तर साधारण १०-८. राउंड संपल्या संपल्या लिहा, पुढचा सुरू झाल्यावर नाही. काय मोजायचं? नीट लागलेला ठोसा, त्यानं समोरच्याचा तोल बदलला का, आणि रिंगण कोण चालवतंय. हातमोज्यावर आणि कोपरावर बसलेले ठोसे मोजू नका. सुरुवातीला याच ठिकाणी सगळे जास्त गुण देऊन बसतात, कारण आवाज तसाच येतो. म्हणून तर तो बंद.

सरावासाठी १३ मार्च १९९९ ची लुईस-होलिफील्ड घ्या. एका जजानं ११६-११३ लुईसला दिली, एकानं ११५-११३ होलिफील्डला, तिसऱ्यानं ११५-११५. निकाल बरोबरी. तुमचा आकडा लिहून मगच जजांची कार्डं बघा. बहुतेकांना लुईस स्पष्ट पुढं दिसतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुईस यूडीनं जिंकला. आधीचं कार्ड हातात असलं की तो दुसरा विजय किती मोठा, हे नीट ठरवता येतं.

जुन्या मूकपटांबद्दल एक सावधगिरी. जॉन्सन-डेम्प्सीच्या काळातली चित्रफीत चुकीच्या वेगानं चालवलेली असली की माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी पळतात. त्यावरून 'जुन्यांना लढताच येत नव्हतं' म्हणू नका. वेग पाऊणपट करून बघा.

गुण द्या

दहापैकी असे: प्रतिस्पर्ध्याचा त्या दिवसाचा दर्जा ४, त्याची तब्येत-वय-सराव ३, निकालाची पद्धत २, आणि जिंकणाऱ्यापुढची अडचण १. अडचण म्हणजे परक्या गावात, सट्टेबाजांचा भाव उलटा असताना, मोठ्या अंगाच्या माणसाविरुद्ध किंवा मागं पडून जिंकणं. भाव इथं फक्त वाचायचा, लावायचा नाही. त्या दिवशी जाणकारांना काय वाटत होतं याचा तो पुरावा असतो. टोकियोत डग्लसवर ४२ ला १ असा भाव होता.

या मापानं अली-फोरमन १० पैकी १०. डग्लस-टायसन ९, कारण टायसनची तयारी ढिली होती, एक गुण तिथं कापला. होम्स-अली ३.

एक जोड लावून बघा: मार्सियानो आणि होलिफील्ड

मुद्दाम अवघड जोड घेऊ. मार्सियानो ४९-०. होलिफील्ड ४४ विजय, १० पराभव, २ बरोबरी. कट्ट्यावर हा विषय दहा सेकंदांत संपेल.

मार्सियानोचे पाच. वॉलकॉट १९५२: दर्जा ४, वय ३८ म्हणून २, पद्धत २, अडचण १, एकूण ९. एझर्ड चार्ल्स, सप्टेंबर १९५४: नाक फाटलेलं असताना आठव्यात केओ, ३+२+२+१, म्हणजे ८. त्याच चार्ल्सवरचा जूनमधला पंधरा राउंडांचा विजय: ३+२+१, म्हणजे ६. आर्ची मूर १९५५: मार्सियानो दुसऱ्या राउंडला खाली गेला आणि नवव्यात केओनं जिंकला, ३+१+२+१, म्हणजे ७. जो लुई १९५१: ३७ वर्षांचा लुई, निवृत्तीतून परतलेला. सलग आठ जिंकून आला होता म्हणून दर्जाला २, तब्येतीला १, पद्धतीला २, एकूण ५. बेरीज ३५.

होलिफील्डचे पाच. रिडिक बो, ६ नोव्हेंबर १९९३: २६ वर्षांचा, ३४-०, आणि पुढं आयुष्यभरात त्याचा हा एकच पराभव. पण बो २४६ पाउंडांवर आला होता, पहिल्या लढतीपेक्षा जड. शिवाय निकाल एमडी. सातव्या राउंडला एक माणूस पॅराशूटसारख्या यंत्रासकट रिंगच्या दोरांवर येऊन पडला आणि वीसेक मिनिटं खेळ थांबला, त्याचा फायदा कुणाला झाला हे सांगता येत नाही. ४+२+१+१, म्हणजे ८. टायसन, ९ नोव्हेंबर १९९६: हिशेब ४५-१, वय ३०. तुरुंगातून आल्यावरच्या त्याच्या चारही लढती आखूड होत्या, म्हणून सराव कमी. भाव सुरुवातीला होलिफील्डवर २५ ला १. ३+२+२+१, म्हणजे ८. मूरर, ८ नोव्हेंबर १९९७: तीन वर्षांपूर्वीच्या पराभवाची परतफेड, पाच नॉकडाउन. ३+३+२, म्हणजे ८. डग्लस १९९०: ३+१+२, म्हणजे ६. फोरमन १९९१: वय ४२, गुणांवर, २+१+१, म्हणजे ४. बेरीज ३४.

३५ आणि ३४. तुमचे आकडे एक-दोननं इकडंतिकडं होतील, हरकत नाही. आता वहीचं पान उलटा. होलिफील्डच्या दहा पराभवांपैकी चार ३७ वयापर्यंतचे: बो याच्याकडून दोनदा, मूरर, लुईस. उरलेले सहा ३८ नंतरचे. मार्सियानो ३२ व्या वर्षी, १९५६ मध्ये, थांबला. त्याचे ४९ खरेच, पण त्यानं म्हातारपणी रिंगण तुडवलं नाही आणि होलिफील्डनं तुडवलं. माझा कौल अजूनही मार्सियानोकडे झुकतो, तो वॉलकॉटच्या तेराव्या राउंडमुळे. शून्य पराभवांमुळे नाही.

आणखी काही खड्डे

'अ नं ब ला, ब नं क ला, म्हणून अ मोठा' हे गणित हेवीवेटमध्ये चालत नाही. फ्रेझरनं १९७१ मध्ये अलीला हरवलं, फोरमननं १९७३ मध्ये फ्रेझरला चिरडलं, अलीनं १९७४ मध्ये फोरमनला. फेरा पूर्ण. कारण शैलीत आहे: फ्रेझर वाकून आत घुसायचा आणि फोरमनच्या खालून वर येणाऱ्या ठोशाला आयता सापडायचा. अली मागं रेलून दोरांवर टेकायचा, तिथं तेच ठोसे हातांवर यायचे आणि फोरमन दमायचा.

बेल्टाच्या शब्दावर जाऊ नका. आज चार मोठ्या संघटना आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. 'जगज्जेत्याला हरवलं' म्हणजे चौघांपैकी कुणाच्या, हे लिहा. जत्रेत चांदीच्या गदेच्या नावाखाली चार कुस्त्या लागल्या तर शेवटची कुठली, ते आपण विचारतोच ना?

पंधरा राउंडचं बारा झालं ते १९८२ मध्ये दुक कू किम या बॉक्सरच्या मृत्यूनंतर. एका संघटनेनं लगेच, बाकीच्यांनी दशक सरेपर्यंत. वॉलकॉटवरचा तेराव्या राउंडचा केओ आजच्या नियमात झालाच नसता, वॉलकॉट बाराव्यानंतर गुणांवर जिंकून घरी गेला असता. मनिलामध्ये अलीविरुद्ध फ्रेझरच्या कोपऱ्यानं चौदाव्यानंतर लढत सोडली, तोही राउंड आज नसतो. वेगळ्या काळाची जोड लावताना हे शेजारी टिपून ठेवा, गुण मात्र कापू नका.

सरावाला पुढचं पान युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकचं करा. त्याचं साहित्य ताजं आहे आणि पूर्ण लढती बघायला मिळतात: जोशुआ २०२१ आणि २०२२, फ्युरी मे २०२४ आणि डिसेंबर २०२४, ड्युबॉइस जुलै २०२५. डिसेंबरच्या लढतीआधी कपड्यांनिशी वजनं झाली, फ्युरी २८१ पाउंड, उसिक २२६. फरक पंचवीस किलोंचा, म्हणजे सिमेंटची अर्धी गोणी. मेमधली एसडी होती, ११५-११२, ११४-११३ आणि ११३-११४, तर डिसेंबरमध्ये तिन्ही जजांनी ११६-११२ दिली. दोन्ही स्वतः मोजा आणि कुठल्या लढतीला जास्त गुण द्यायचे ते ठरवा. पहिलीत फ्युरी अपराजित होता, दुसरीत उसिकनं तेच काम जास्त स्पष्टपणे केलं. 'नंतर काय झालं' हा रकाना तूर्त कोरा सोडा. म्हणूनच तो पेन्सिलीचा आहे.